कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या मुधोळ तालुक्याचा बराच भाग आंध्र प्रदेशात गेला. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समिती निघाली, आणि तिच्या आघाडीच्या पुढाऱ्यांत कॉम्रेड डांगे होते. म्हणून आम्ही त्यांचे इथे स्मरण करतो.

त्यांचा जन्म १८९९ चा. १९२१ साली गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका, पुढे कानपूर व मीरत खटले, तुरुंगवास, गिरणी कामगारांची संघटना. हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांचे १९४९ चे इंग्रजी पुस्तक मात्र कमी वाचले जाते. वेद-महाभारताच्या आधारे त्यांनी एंगल्सच्या वाटेने कुटुंब, गण आणि गुलामगिरी यांचा उगम मांडला. दामोदर कोसंबींनी त्यावर कडक टीका केली. आम्हाला ती रास्त वाटते. तरीही घरातली सत्ता मालमत्तेला बांधलेली असते, हा त्यातला प्रश्न आपल्या शेतीवाडीच्या घरांनाही चुकलेला नाही.

पत्नी उषाताई कामगार चळवळीत होत्या. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'पण ऐकतं कोण?'. नावातच बरेच आले! कन्या रोझा देशपांडे १९७४ साली लोकसभेवर गेल्या. १९८१ मध्ये पक्षाने डांग्यांनाच काढले. १९९१ मध्ये ते गेले.

१९६० साली महाराष्ट्र झाला. मुधोळ बाहेरच राहिले.