बर्निनीचे कारंजे आणि रोमची भाकरी

रोम शहरात पियाझ्झा नव्होना नावाचा एक लांबट चौक आहे. त्याच्या मध्यभागी पांढरट दगडाच्या खडकावर चार संगमरवरी पुरुष बसले आहेत आणि त्यांच्या मधोमध ग्रॅनाइटचा एक उंच स्तंभ आभाळात गेला आहे. हे पुरुष म्हणजे चार खंडांतील चार नद्या : आफ्रिकेची नाईल, युरोपची डॅन्यूब, अमेरिकेची ला प्लाता आणि आशियाची गंगा! आपण जिला माता म्हणतो ती गंगा तेथे हातात वल्हे घेतलेल्या दाढीवाल्या पुरुषाच्या रूपात बसली आहे. हे कारंजे ज्याने कल्पिले, त्या जान लोरेन्झो बर्निनीची ही कथा.

बर्निनीचा जन्म ७ डिसेंबर १५९८ रोजी नेपल्स येथे झाला. वडील पिएत्रो शिल्पकार होते, त्यामुळे छिन्नी-हातोड्याचा आवाज ऐकतच तो वाढला. पुढे हे कुटुंब रोमला आले. पंचविशीच्या आसपास त्याने ‘डेव्हिड’ आणि ‘अपोलो व डॅफ्नी’ ही शिल्पे घडवली आणि सारे रोम थक्क झाले. १६२३ साली पोप झालेल्या आठव्या अर्बन यांचा त्याच्यावर मोठा लोभ होता. १६२९ मध्ये त्याला सेंट पीटर या महामंदिराचा मुख्य वास्तुकार नेमण्यात आले.

परंतु दैवाचे चक्र फिरले. सेंट पीटरच्या दर्शनी भागावर त्याने घंटाघर उभारायला घेतले आणि खालच्या भिंतींना तडे गेले. १६४४ मध्ये अर्बन वारले व दहावे इनोसंट पोप झाले. नव्या पोपांची जुन्या पोपांच्या माणसांवर मर्जी नव्हती. १६४६ मध्ये घंटाघर पाडून टाकण्याचा हुकूम निघाला. ज्याच्या नावाचा काल जयजयकार होत होता, त्याचीच आज कुचेष्टा होऊ लागली.

इनोसंट यांचा वाडा पियाझ्झा नव्होनामध्येच होता. वाड्यासमोर कारंजे बांधायचे ठरले, तेव्हा बर्निनीला कोणी विचारलेही नाही. तेथे पाणी आणण्याची योजना त्याचा प्रतिस्पर्धी बोरोमिनी याने आखली होती. चार नद्यांची मूळ कल्पनाही बोरोमिनीचीच होती, असे मानतात. अशा वेळी पोपांच्या नात्यातील प्रिन्स लुडोव्हिसी याने बर्निनीकडून गुपचूप एक प्रतिकृती करवून घेतली आणि पोपांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरील दालनात ठेवली. ती पाहून पोप खिळून उभे राहिले आणि काम बर्निनीला मिळाले, असे त्याचे जुने चरित्रकार सांगतात.

या कारंज्याची काही कच्ची रेखाटने आजही जपून ठेवलेली आहेत. खडक, स्तंभ व नद्या यांची मांडणी त्यांत पुन्हापुन्हा बदललेली दिसते. शेवटी बर्निनीने खडक आतून पोकळ ठेवला. खालून आरपार दिसते आणि एवढा अवजड स्तंभ जणू पोकळीवर उभा आहे असे वाटते. घंटाघरामुळे ज्याला लोक हसले, त्याचे हे उत्तर होते! नाईलचा उगम त्या काळी युरोपला ठाऊक नव्हता, म्हणून तिचे मस्तक वस्त्राने झाकलेले दाखवले.

मात्र या चारही मूर्ती बर्निनीने स्वतः कोरलेल्या नाहीत. नाईल फान्चेल्लीने, डॅन्यूब राज्जीने, ला प्लाता बाराट्टाने आणि गंगा क्लोद पूसँने घडवली. माझे वडील गवंडी आहेत. इमारतीच्या कोनशिलेवर गवंड्याचे नाव नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून ही चार नावे मी मुद्दाम लिहिली.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. कारंज्याचे काम १६४८ ते १६५१ या काळात झाले. तेव्हा रोममध्ये धान्याची टंचाई होती. खर्चासाठी पाव व इतर जिनसांवर कर बसले. स्तंभाचे तुकडे चौकात आणून ठेवले, तेव्हा लोकांनी त्यांवर रात्रीतून चिठ्ठ्या लावल्या. कारंजे नको, भाकरी द्या, हाच त्यांचा आशय होता. १६५१ च्या जूनमध्ये पाणी सुटले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत ते उपाशी लोकही असतील काय?

बर्निनी पुढे जवळपास तीस वर्षे जगला. सेंट पीटरसमोरील २८४ स्तंभांचे विशाल प्रांगण त्याने उभारले. २८ नोव्हेंबर १६८० रोजी, एक्क्याऐंशीव्या वर्षी, रोममध्ये त्याचे निधन झाले.

पडलेला माणूस पुन्हा उभा राहतो तो आपल्या कामाच्या जोरावर, हे बर्निनीच्या जीवनातून शिकावे. पण सौंदर्याची किंमत कोणाच्या ताटातून गेली, हेही विचारावे. कलावंताला वंदन करताना त्या चिठ्ठ्या लावणाऱ्या अनामिकांचेही स्मरण ठेवले, तरच आपण ते कारंजे पुरते पाहिले असे म्हणता येईल.