खट्-खट् आणि मॅकफर्सनसाहेब

आमचं पूर्णा म्हणजे जंक्शनचं गाव. फलाटावर गाडी थांबली की हातोडीने चाकं ठोकत, कान देऊन पुढे सरकणारा माणूस आम्ही लहानपणापासून पाहिलेला. आवाजावरून दुखणं ओळखायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तरी मामांच्या जुन्या मारुती ८०० चा आवाज तीन महिने कुणालाच ओळखता आला नाही. नांदेडच्या वाटेवर खड्डा आला की पुढून, डाव्या अंगाने खट्! आजीला दर पंधरा दिवसांनी त्याच गाडीतून दवाखान्यात न्यायचं असायचं. एका मेकॅनिकने दोन्ही शॉकअप बदलले, पैसे घेतले. आवाज तसाच. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर मामांनी गाडीची चावी माझ्यापुढे ठेवली. थर्ड इयर मेकॅनिकल ना, मग आता दाखव!

चाकामागे वाकून पाहिलं आणि अर्ल मॅकफर्सन भेटले. व्हायवात ज्यांच्या नावावर माझी दांडी उडाली होती, तेच.

मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. १९१५ साली इलिनॉय विद्यापीठातून इंजिनिअर होऊन ते डेट्रॉईटच्या चाल्मर्स कंपनीत लागले. पहिल्या महायुद्धात युरोपात विमानाच्या इंजिनांचं काम, मग एकदोन मोटार कंपन्या, आणि १९३४ मध्ये जनरल मोटर्स. इथपर्यंत कुठल्याही हुशार इंजिनिअरची असते तशीच कथा. खरी गोष्ट सुरू होते पन्नाशीनंतर.

१९४५ मध्ये शेव्हरलेटच्या छोट्या गाडीचं काम त्यांच्याकडे आलं. नाव ठरलं कॅडेट. वजन साधारण हजार किलो, किंमत हजार डॉलरच्या आसपास, आणि चारही चाकं स्वतंत्रपणे खालीवर होणारी. एवढ्या पैशात दोन-दोन विशबोन कुठून बसवणार? त्यांनी वरचा विशबोनच काढून टाकला. स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र उभे केले, वरचं टोक बॉडीला टेकवलं, खाली एकच आडवा हात दिला. पुढच्या चाकाला वळायचं असलं की हा अख्खा खांबच वळतो, वेगळा किंगपिन नको. असलीच कल्पना फियाटच्या गुइदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात मांडली होती, त्यामुळे सगळं श्रेय मॅकफर्सनना देऊन टाकणारी आपली नोट्सची वही थोडी चुकतेच. पण कारखान्यात स्वस्तात, लाखांनी बनेल असं रूप दिलं ते त्यांनीच.

आणि १९४७ मध्ये कंपनीने कॅडेट गुंडाळली. युद्धानंतर मोठ्या गाड्याच हातोहात खपत होत्या, छोटीत नफा दिसेना. त्याच साली केलेला पेटंटचा अर्ज जनरल मोटर्सच्या नावावर राहिला (मंजूर झाला १९५३ मध्ये!) आणि छप्पन वर्षांचा माणूस फोर्डमध्ये गेला. तिथे मांडणी पुन्हा बसवली. आधी फ्रान्समधली व्हेडेट, मग १९५० मध्ये इंग्लंडमधल्या कॉन्सुल आणि झेफिर. यात अँटी-रोल बारच खालच्या हाताला पुढे-मागे धरून ठेवायचा. एका लोखंडी दांड्याकडून दोन कामं. १९५२ मध्ये ते फोर्डचे चीफ इंजिनिअर झाले, १९५८ ला निवृत्त झाले आणि १९६० मध्ये वारले. १९८३ मध्ये मारुती ८०० आपल्या रस्त्यावर आली तेव्हा तिच्या पुढच्या चाकांवर हाच स्ट्रट होता.

या मांडणीत सांधे मोजकेच, म्हणून तपासणंही सोपं. गाडी उभी ठेवून एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगवर तळवा ठेवायचा. स्प्रिंग अडखळून ठक् करत सुटली तर वरच्या माउंटचं बेअरिंग. ब्रेक दाबताना किंवा गाडी सोडताना एकच दणका येत असेल तर खालच्या हाताचे बुश. मग चाक जॅकवर घ्यायचं (खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका). चाक डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड एंड. मी वर-खाली धरून हलवलं, आणि तोच आवाज आला. आजीने ओसरीवरून ओळखला. मामांनी खालून टॉमीने रेटा दिला तेव्हा बॉल जॉइंट डोळ्यांना दिसेल इतका हलला.

शॉकअपचा काही दोषच नव्हता. हा सांधा पुरता निखळला असता तर चाकाचा खालचा भाग बाहेर फाकला असता आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं असतं. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आजीला ते पॅसेंजरने घेऊन गेले.

नवा जॉइंट शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्तात बसला. खट्-खट् बंद झाली. तरी अजूनही खड्डा दिसला की मामा आधी गाणी बंद करतात.