पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि अन्नाचा प्रश्न

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा विचार मराठीत प्रायः दोन अंगांनी झालेला आहे. एका बाजूस स्त्रीशिक्षणाच्या आणि विधवांच्या उद्धाराच्या प्रवर्तक म्हणून त्यांचा गौरव होतो. दुसऱ्या बाजूस त्यांच्या धर्मांतराचा उल्लेख संकोचाने, क्वचित रोषाने केला जातो. देवदत्त नारायण टिळकांनी त्यांना महाराष्ट्राची तेजस्विनी म्हटले, परंतु अभ्यासक्रमातील त्यांचे स्थान पुढेही प्रवासवृत्तापुरतेच राहिले. त्यांच्या श्रद्धेकडे, म्हणजे ज्या गोष्टीला त्या स्वतः आपल्या आयुष्याचा गाभा मानीत होत्या तिच्याकडे, वाङ्मयाभ्यासकांनी खाजगी बाब म्हणून पाठ फिरवावी, हे चमत्कारिकच होय. कारण ही श्रद्धा सुरक्षित जीवनातून उपजलेली नव्हती. दुष्काळ, साथीचे रोग, आप्तांचे मृत्यू आणि समाजाचा बहिष्कार यांच्या सान्निध्यात ती घडली आणि तिची कसोटीही तेथेच लागली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगेतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठ्या व्यासंगाचे संस्कृत पंडित. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि शास्त्रीमंडळींचा विरोध पत्करला. अरण्यातील हे विद्यापीठ फार काळ टिकले नाही. कर्ज झाले, जमीन गेली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. औंढा नागनाथापासून रामेश्वरापर्यंतच्या देवस्थानांच्या ओवऱ्यांतून पुराणिकांची जी भ्रमंती चालत असे, तीच आता या कुटुंबाची जीवनरीती झाली. देवळात वा नदीच्या घाटावर पुराण सांगावयाचे, श्रोते जे देतील त्यातून निर्वाह करावयाचा आणि उरलेले दानधर्मात खर्चावयाचे. उद्याची तरतूद ठेवणे हे ईश्वरावरील अविश्वासाचे लक्षण, अशी अनंतशास्त्र्यांची धारणा असावी असे त्यांच्या आचरणावरून दिसते. रमाबाईंचे शिक्षण या प्रवासातच झाले. आईने पहाटे उठवून पाठ द्यावा आणि मुलीने भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत करावेत, हा नित्यक्रम होता.

मद्रास इलाख्यातील दुष्काळाने ही रीती मोडून काढली. जवळचा पैसा संपला, दागिने आणि भांडी विकली गेली. देवतांना प्रसन्न करण्यासाठी व्रते, उपवास, दाने यांची पराकाष्ठा केली. परंतु अन्न मिळाले नाही. कुटुंबाने अरण्यात जाऊन प्राण सोडण्याचा विचार केला होता. त्या प्रसंगी मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दाखविली. पंडित ब्राह्मणाच्या मुलाने अंगमेहनतीचे काम करावे ही त्या घरात अश्रुतपूर्व गोष्ट होती. १८७४ मध्ये प्रथम वडील आणि काही आठवड्यांतच आई, दोघेही उपासमारीने खंगून गेली. आईचे प्रेत वाहून नेण्यास माणसे मिळेनात. चौथा खांदेकरी म्हणून रमाबाईंनाच पुढे व्हावे लागले, आणि उंची कमी असल्यामुळे तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही गेली.

उरलेल्या दोघा भावंडांनी हिंदुस्थानभर पायी प्रवास केला. पंजाबात झेलमच्या तीरावर, पांघरूण नसल्याने, वाळूत खड्डे खणून आणि मानेपर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. या भटकंतीत पूर्वीच्या श्रद्धेचा पाया हळूहळू ढासळला. येथे लक्षात घेतले पाहिजे की, रमाबाईंचा प्रथमचा अविश्वास ख्रिस्ती प्रचारकांनी निर्माण केलेला नव्हता. शास्त्रात सांगितलेले सारे करूनही शास्त्रात सांगितलेले फळ मिळाले नाही, या अनुभवातून तो आला. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचल्यावर तेथील विद्वत्सभेने त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मात्र त्याच काळात केलेल्या धर्मशास्त्राच्या वाचनाने त्यांना दुसरा धक्का दिला. स्त्री आणि शूद्र यांच्या बाबतीत एरवी परस्परांशी न जुळणारे ग्रंथ आश्चर्यकारकपणे एकमताचे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले.

१८८० मध्ये श्रीनिवासचे निधन झाले. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणीपद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारी गेले. सिल्चर येथील त्यांच्या संग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली होती. पतीला पत्नीची ही जिज्ञासा रुचलेली नव्हती. वैधव्यानंतर त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशाच्या आधारे त्या १८८३ मध्ये वैद्यकाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेल्या. श्रवणशक्ती क्षीण झाल्याने वैद्यकाचा बेत मात्र सोडावा लागला.

वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे मानसिक क्षोभाच्या अवस्थेत प्राणत्याग केला. या आघातानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादाचा त्यांच्या बुद्धीवर परिणाम झाला होता. शोमरोनी स्त्रीची योहानाच्या शुभवर्तमानातील कथा आणि लंडनमध्ये पतित मानलेल्या स्त्रियांची भगिनींनी चालविलेली शुश्रूषा यांचा परिणाम अंतःकरणावर झाला. ज्या स्त्रियांना शास्त्रांनी प्रायश्चित्ताच्या पलीकडचे मानले, त्यांच्यासाठीही दार उघडे ठेवणारा धर्म असू शकतो, हे त्यांनी तेथे प्रथम पाहिले.

बाप्तिस्म्याने रमाबाईंना शांती लाभली असे जे भाविक चरित्रकार गृहीत धरतात ते त्यांच्या पत्रव्यवहाराशी जुळत नाही. १९७७ मध्ये प्रकाशित झालेल्या या पत्रांतून उलट एक अस्वस्थ, तर्कनिष्ठ आणि प्रसंगी हट्टी मन प्रकट होते. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्या शंका काढतात, चर्चच्या अधिकारापुढे विवेकाचा अधिकार गौण मानण्यास नकार देतात, आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान देण्याची आपली तयारी नसल्याचे भगिनी जेराल्डाइन यांना कळवितात. ख्रिस्ती धर्म मिळाला परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आपल्या साक्षीत दिली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अंतर्यामीची निश्चिती त्यांना १८९१ च्या सुमारास लाभली, म्हणजे दीक्षेनंतर सुमारे आठ वर्षांनी. या आठ वर्षांतच अमेरिकेतील वास्तव्य, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) ही ग्रंथरचना घडली. त्यांची सर्वांत वाचनीय पुस्तके शंकेच्या काळातील आहेत, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास गेले. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे त्याच आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनात धर्मप्रचार न करण्याचे अभिवचन होते. परंतु रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या. १८९३ मध्ये ‘केसरी’ने उठविलेल्या वादळात रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद करून प्रार्थना करण्यास रमाबाई तयार नव्हत्या. त्यांची भूमिका प्रामाणिक होती. पण ज्या पालकांनी विश्वासाने मुली पाठविल्या होत्या त्यांची तक्रारही सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही.

खरी कसोटी १८९६–९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतातील उपाशी मुलींची वर्णने वाचून रमाबाईंना आपले बालपण आठवले आणि त्या तिकडे गेल्या. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. तशात पुण्यात प्लेग आला. अधिकाऱ्यांनी इतक्या मुली शहरात ठेवण्यास मनाई केली. केडगाव येथे आधी घेतलेल्या सुमारे १०० एकर जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड होत होती तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर तक्रार केली. ख्रिस्ती झालेली ही स्त्री सरकारची आश्रित नव्हती, याचा हा पुरावा विरोधकांनीही दुर्लक्षिला. १८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील स्त्रिया व मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या खर्चाला निश्चित उत्पन्न नव्हते. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दिलेले दहा वर्षांचे अभिवचन संपले होते. १८९८ मधील त्यांच्या दुसऱ्या अमेरिका-भेटीनंतर नव्या संघटनेने शारदा सदनाचा भार घेतला तरी मुक्तीची जबाबदारी कोणाचीच नव्हती. जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांची चरित्रे रमाबाईंनी वाचली होती. आपणही उद्याची चिंता ईश्वरावर सोपवावी असा निर्धार त्यांनी केला. येथेच त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. अनंतशास्त्र्यांनीही उद्याची चिंता ईश्वरावरच सोपविली होती. पित्याची श्रद्धा अन्नाविना संपली आणि कन्येच्या श्रद्धेने दोन हजार तोंडांना अन्न दिले, याचे कारण केवळ उपास्यदेवतेच्या बदलात शोधणे भाविकाला पुरेसे वाटेल. चरित्रकाराला ते पुरेसे नाही.

मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, दुभती जनावरे होती आणि छापखानाही होता. ही सारी कामे मुलींच्या हातांनी होत. उच्चवर्णीय विधवा आणि शूद्रातिशूद्र अनाथ मुली एकाच पंक्तीला जेवत. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींना शिकविण्याची व्यवस्था होती. श्रीनिवासने मृत्यूच्या छायेत ज्या श्रमाला होकार दिला होता तो येथे प्रार्थनेच्या बरोबरीचा धर्म झाला. रमाबाईंच्या विश्वासात देणगीची वाट पाहणे होते आणि नांगरही होता. परदेशातील भक्तमंडळींशी असलेला सततचा संपर्क हेही एक लौकिक कारण होते, ते नाकारण्याचे प्रयोजन नाही. आणि हेही सांगितले पाहिजे की, दुष्काळाने पोखरलेल्या कित्येक मुली मुक्तीत येऊनही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांनी स्वीकारलेल्या धर्मात भुकेचा वाटा किती आणि प्रत्ययाचा किती, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. १९०५ च्या पुनरुज्जीवनात मुलींच्या आक्रोशाने, अश्रूंनी आणि सामुदायिक प्रार्थनेने प्रार्थनागृह भरून गेले. ख्रिस्ती मंडळींतही काहींना तो उन्माद वाटला. बालपणी आई-बाप डोळ्यांदेखत गमावलेल्या मुलींना रडण्यास तेथे प्रथमच जागा मिळाली असावी, असे मानण्यास हरकत नाही.

अखेरच्या काळातील रमाबाई सार्वजनिक जीवनातून जवळजवळ नाहीशा झाल्या. ऐकू येणे फारच कमी झाले होते. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्या बायबलचे मराठी भाषांतर करीत बसल्या. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. प्रचलित भाषांतराची भाषा पंडिती आणि संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित स्त्रीला ती कळत नाही, शिवाय तिच्यातील पारिभाषिक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येतो, असे त्यांचे मत होते. संस्कृतच्या बळावर कीर्ती मिळविलेल्या विदुषीने संस्कृत शब्दांना दूर सारावे, यातील उपरोध सहज ध्यानात येतो. मूळाला शब्दशः धरून राहण्याच्या आग्रहामुळे त्यांची वाक्ये पुष्कळदा अडखळतात आणि साहित्यगुणांच्या दृष्टीने हे भाषांतर प्रवासवृत्ताच्या प्रसन्न गद्याची बरोबरी करीत नाही. तथापि, एका स्त्रीने एकटीने मूळ भाषांतून केलेले आणि स्त्रियांनीच छापलेले संपूर्ण बायबल म्हणून मराठी गद्याच्या इतिहासात त्याची जी नोंद व्हावयास हवी होती ती झाली नाही.

मनोरमा आईचा उजवा हात होती. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता त्याच राज्यातील गुलबर्गा येथे १९१२ च्या सुमारास मुलींची शाळा सुरू झाली, तिची धुरा मनोरमेने वाहिली. त्या संस्थेचे नाव शांती सदन. मुक्तीचा वारसाही तिच्याकडेच जावयाचा होता. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. माता, पिता, बहीण, बंधू, पती आणि आता एकुलती एक कन्या, असे सर्वजण गेल्यावर रमाबाईंनी शोकाचे प्रदर्शन केले नाही. भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम पुढे चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यातील मुलींनी उरलेले काम पुरे केले आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला.