तिच्या वाट्याचं श्रेय

विरजण संपलं की आपण वाटी घेऊन शेजारणीकडे जातो. जिवाणूंच्या जगातही अशीच देवाणघेवाण चालते. एक जिवाणू आपली जनुकं, म्हणजे अंगचे गुण, दुसऱ्याला देतो. घेणारा त्याच्या कुळातलाच असावा, असंही नाही. नको झालेली जनुकं तो गमावतोही. औषधाला दाद न देण्याचा गुण असाच एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. हे कोडं सोडवण्यात एका बाईचा मोठा हात होता. तिचं नाव एस्थर लेडरबर्ग.

एस्थरचा जन्म १८ डिसेंबर १९२२ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. मंदीचे दिवस. दुपारी कधी कधी पावावर टोमॅटो पिळला की झालं जेवण! विज्ञानात बाईचा निभाव लागणं कठीण, असं शिक्षकांनी परोपरीनं समजावलं. पोरीनं ऐकलं नाही. १९४२ मध्ये हंटर कॉलेजची पदवी घेतली आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठ गाठलं. तिथं घरमालकिणीचे कपडे धुऊन खोलीचं भाडं फेडलं. १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग या तरुण शास्त्रज्ञाशी लग्न झालं. दोघं विस्कॉन्सिनला गेली. तिथं १९५० मध्ये ती पीएच.डी. झाली.

आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूवर तिचं काम चाले. एकदा बशीतल्या जंतूंच्या थरावर तिला कुरतडल्यासारखे डाग दिसले. दुसऱ्या कुणी ती बशी फेकून दिली असती. एस्थरनं छडा लावला. या जंतूच्या जनुकांत एक विषाणू गुपचूप दडून बसला होता. ज्या जंतूंनी तो गमावला, नेमके तेच त्याला बळी पडत होते. या विषाणूला तिनं ‘लॅम्डा’ नाव दिलं. तो एका जंतूची जनुकं उचलून दुसऱ्याकडे नेतो, हेही पुढे कळलं.

मग आणखी एक नवल. काही जंतूंची जोडी लावली, तरी देवाणघेवाण होतच नव्हती. कारण सापडलं: देणाऱ्याकडे ‘एफ’ नावाचा एक घटक असावा लागतो. तो गमावलेला जंतू फक्त घेऊ शकतो. मात्र देणाऱ्याचा सहवास लाभला की त्यालाही ‘एफ’ मिळतो आणि तोही दाता होतो! १९५२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षीची तिची युक्ती तर अगदी घरगुती. मखमलीचा तुकडा एका बशीवर हलकेच टेकवायचा आणि तोच दुसऱ्या बशांवर उमटवायचा. जंतूंची ठिपक्याला ठिपका नक्कल तयार! औषधाला न जुमानणारे जंतू औषध घालण्याआधीच तिथं असतात, औषध फक्त बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळं करतं, हे यातून सिद्ध झालं.

१९५८ मध्ये नोबेल मिळालं ते जोशुआला, आणखी दोघांबरोबर. त्याचा मूळ शोध लग्नाआधीचा होता, हे खरंच. पण नंतरच्या दहा-बारा वर्षांत दोघांनी मिळून केलेल्या कामाचं काय? स्टॉकहोमला एस्थर गेली ती शास्त्रज्ञाची बायको म्हणून.

पुढे दोघं स्टॅनफर्डला आली. तो विभागप्रमुख झाला, तिला कायम नसलेली जागा मिळाली. बायकांना प्राध्यापकपद का नाही, हे विचारायला ती आणखी दोघींना घेऊन थेट डीनकडे गेली. १९६६ मध्ये घटस्फोट झाला. १९७४ मध्ये तिचं पद आणखी खाली आलं. ती रडत बसली नाही. प्लाझ्मिड म्हणजे जंतू एकमेकांना देतात ती जनुकांची सुटी कडी, ‘एफ’ही त्यातलाच. जगभरच्या प्लाझ्मिडांची नोंद ठेवणारं केंद्र तिनं १९७६ ते १९८६ सांभाळलं. जोडीला बासरीसारख्या रेकॉर्डर वाद्याचा वृंदही उभा केला.

११ नोव्हेंबर २००६ रोजी ती गेली. लॅम्डा आणि ‘एफ’ आज पाठ्यपुस्तकांत आहेत, तिचं नाव मात्र बऱ्याचदा नवऱ्याच्या नावाखाली झाकलेलं.

तेव्हा मैत्रिणींनो, सर्दी-खोकल्याला डॉक्टरांना न विचारता दुकानातून अँटिबायोटिक आणताना एस्थरची मखमल आठवा. गरज नसताना घेतलेली गोळी बाकीचे जंतू मारते आणि चिवट तेवढे मागे ठेवते. मग ते आपला गुण शेजाऱ्यांना वाटत सुटतात, वाटीभर विरजणासारखा.