श्रीमती ॲनी मॉन्डर : तळणीच्या माळावरील खगोल-विदुषी

जळगाव-भुसावळवरून नागपूरकडे जाणारी आगगाडी मलकापूर, अकोला, बडनेरा, धामणगाव अशी स्टेशने मागे टाकीत पुलगावच्या अलीकडे तळणी नावाच्या एका लहानशा स्टेशनावरून पुढे जाते. या वाटेने माहेरी-सासरी ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी काहींनी ते नाव खिडकीतून वाचलेही असेल. तेथे उतरण्याचे कारण सहसा पडत नाही. पण याच तळणीच्या माळावर २२ जानेवारी १८९८ रोजी, भर दुपारी, एका आयरिश विदुषीने खग्रास सूर्यग्रहणाचे एक छायाचित्र घेतले. त्यात सूर्याचे तेज इतक्या दूरवर पसरलेले उमटले की तोपर्यंत कोणाच्याही काचेवर तसे उमटले नव्हते. त्या विदुषीचे नाव ॲनी मॉन्डर. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्यांचे चरित्र भगिनींपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

ॲनी स्कॉट डिल रसेल यांचा जन्म १४ एप्रिल १८६८ रोजी आयर्लंडमधील स्ट्रबेन या गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. घर श्रीमंत नसले तरी विद्येचे होते, आणि मुलींनीही शिकावे असे त्या घरात मानले जाई. बेलफास्ट येथील मुलींच्या शाळेत शिक्षण घेऊन ॲनी १८८६ मध्ये केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात दाखल झाली. तेथे तिने गणित हा विषय घेतला, आणि १८८९ मध्ये त्या विषयाच्या मानाच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर ऑप्टिमच्या श्रेणीत ती उत्तीर्ण झाली. मात्र पदवी तिला मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पण पदवी देत नसे. ही रीत पुढे १९४८ पर्यंत चालू राहिली.

शिक्षण झाल्यावर ॲनीबाईंनी जर्सी बेटावर मुलींच्या शाळेत वर्षभर शिकविले. तेथे त्यांना वर्षाला ८० पौंड पगार होता. याच सुमारास ग्रिनिच येथील राजकीय वेधशाळेने गणित येणाऱ्या काही तरुणींना आकडेमोडीच्या कामावर घेण्याचे ठरविले. त्यांचा पगार होता महिन्याला अवघे ४ पौंड, म्हणजे शिक्षिकेच्या पगाराहून पुष्कळच कमी. एवढ्यावर निर्वाह कठीण हे ठाऊक असूनही १८९१ मध्ये ॲनीबाईंनी ती नोकरी पत्करली, कारण तिच्यावाचून त्यांना वेधशाळेचे दार उघडत नव्हते.

ग्रिनिच येथे त्यांची नेमणूक सूर्याच्या विभागात झाली. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सूर्याचे छायाचित्र घ्यायचे, काच धुऊन सिद्ध करायची, तीवरील डागांची जागा व आकार मोजायचा आणि गणित करून नोंद ठेवायची, असे ते काम होते. कष्टाचे आणि एकसुरी. पण यातूनच छायाचित्रणाची सारी कला त्यांच्या हाती आली. काचेवरील लेपाला किती प्रकाश सोसतो, किती कमी पडतो, दुर्बिणीची नाभी किंचित चुकली तर काय बिघडते, हे त्या स्वतःच्या हातांनी शिकल्या.

या विभागाचे प्रमुख वॉल्टर मॉन्डर हे होते. त्यांची पहिली पत्नी निवर्तली होती आणि घरात मुले होती. १८९५ च्या डिसेंबरात ॲनीबाईंचा त्यांच्याशी विवाह झाला. ॲनीबाईंपेक्षा ते सतरा वर्षांनी वडील होते. या विवाहाने त्यांना विद्येचा सोबती दिला आणि नोकरी मात्र घेतली. विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत राहता येत नाही असा त्या काळचा नियम होता. सूर्याचे डाग मोजण्यात त्या लग्नाच्या आदल्या दिवशी जितक्या निष्णात होत्या तितक्याच दुसऱ्या दिवशीही होत्या. पण वेधशाळेतील त्यांची खुर्ची गेली. त्याआधी १८९२ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव सुचविले गेले होते, तेही पुरेशी मते न पडल्यामुळे मागे पडले होते.

दुसरी एखादी असती तर येथे तिचे चरित्र संपले असते. ॲनीबाईंनी सावत्र मुलांचा संसार अंगावर घेतला आणि अभ्यास घरी चालू ठेवला. स्त्रियांना सभासद करून घेणारी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी निरीक्षकांची संस्था १८९० मध्ये निघाली होती. तिच्या नियतकालिकाचे संपादन त्या करू लागल्या. पुढे त्यांच्या गर्टन कॉलेजने त्यांना संशोधनासाठी एक वृत्ती दिली. विषय होता आकाशगंगेचे छायाचित्रण.

आता प्रश्न आला उपकरणाचा. हाती पैसा बेताचा. मोठी दुर्बीण घेणे शक्य नव्हते. आणि विशेष हे की या कामाला ती योग्यही नव्हती. ज्या काळी मोठमोठ्या दुर्बिणींची चढाओढ लागली होती त्या काळी ॲनीबाईंनी डालमायर या नामांकित कारखान्याचे एक लहानसे भिंग निवडले. त्याचा व्यास होता अवघा दीड इंच. आपल्या पुरणपोळीच्या लाटीएवढाही नाही!

या निवडीमागील विचार समजून घेण्याजोगा आहे. तारा हा प्रकाशाचा बिंदू आहे. त्याच्यासाठी भिंग जितके रुंद तितके चांगले. परंतु आकाशगंगा, तेजोमेघ किंवा सूर्याभोवतीचे प्रभामंडल ही पसरलेली, फिकट तेजे आहेत. लांब नळीची दुर्बीण त्यांचे चित्र मोठे करते खरे, पण तेच थोडे तेज मोठ्या जागेवर पातळ पसरते आणि काचेवर काहीच उमटत नाही. तूप तेवढेच आणि पोळी मात्र परातीएवढी, असा तो प्रकार होतो. आखूड नाभीचे भिंग चित्र लहान काढते, पण तेज एकवटते, आणि आकाशाचा विस्तृत भाग एका काचेवर मावतो. म्हणून जे टिपायचे ते आधी नीट ओळखावे आणि मग त्याजोगे उपकरण घ्यावे, हा त्यांचा हिशेब होता.

हे आकाशगंगेसाठी घेतलेले भिंग ग्रहणालाही उपयोगी पडेल हे त्यांनी हेरले. खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्य झाकला की त्याच्या भोवती मोत्यासारखे शुभ्र प्रभामंडल दिसते. १८७८ च्या ग्रहणात काही निरीक्षकांनी त्यातून फार लांब किरण निघालेले डोळ्यांनी पाहिले होते. परंतु छायाचित्रात ते येत नव्हते. मग तो केवळ दृष्टिभ्रम की काय, असा वाद होता. ऑगस्ट १८९६ मध्ये मॉन्डर पतिपत्नी ग्रहण पाहण्यास नॉर्वेतील वाड्सो येथे गेली, पण ऐन वेळी ढग आले आणि सारा खटाटोप व्यर्थ गेला. पुढचे खग्रास ग्रहण हिंदुस्थानात होते.

१८९८ च्या त्या ग्रहणाची छाया आपल्या कोकण किनाऱ्यावर उतरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, वऱ्हाडातील तळणी अशी ईशान्येकडे बक्सरपर्यंत गेली. मुंबई-पुण्याकडे प्लेगची साथ असूनही देशोदेशीचे निरीक्षक आले. जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे संचालक कावसजी नायगमवाला होते. तेथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आपल्या पत्नी एलिझाबेथबाई यांच्यासह चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. तळणीला मॉन्डर पतिपत्नींची मंडळी उतरली. त्यांत पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेचे संचालक झालेले एव्हरशेड हेही होते.

खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात काचा बदलायच्या, झाकण उघडायचे, मोजायचे, मिटायचे. आणि हात थरथरू द्यायचा नाही. आपल्याकडे त्या वेळी घराघरांतून बायका ग्रहण पाळून आत बसल्या असतील. माळावर ही एक बाई आपल्या दीड इंची भिंगापाशी उभी होती. या वेळी आकाशाने दगा दिला नाही. काच धुतली तेव्हा तीवर सूर्यापासून सुमारे ६० लक्ष मैल, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर दूर गेलेला किरण स्पष्ट उमटलेला होता. जेऊरच्या चाळीस फुटी कॅमेऱ्याने सूर्याजवळचे बारकावे उत्तम टिपले. ते त्याचे काम होते. दूरवर पसरलेला फिकट किरण टिपण्याचे काम लहान भिंगाचे होते, आणि ते त्याने चोख बजावले. दृष्टिभ्रमाचा वाद त्या काचेने पुष्कळसा मिटविला.

त्यानंतर ॲनीबाई १९०० साली अल्जिअर्सला, १९०१ साली मॉरिशसला आणि १९०५ साली लॅब्राडोरला ग्रहणासाठी गेल्या. लॅब्राडोरला पुन्हा ढग आडवे आले. १९०४ मध्ये पतिपत्नींनी मिळून सूर्यावरील डागांची एक आकृती काढली. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात डाग सूर्याच्या विषुववृत्ताकडे कसे सरकतात हे तीत फुलपाखराच्या पंखांसारखे दिसते. ती आकृती आजही खगोलशास्त्रात फुलपाखरू-आकृती म्हणूनच ओळखली जाते. १९०८ मध्ये आकाशाची ओळख करून देणारे एक पुस्तक दोघांच्या नावे निघाले. ते जवळजवळ सारे पत्नीनेच लिहिले आहे, असे वॉल्टर यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकले. असे सांगणारे पती त्या काळी विरळाच.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा ज्या ग्रिनिचने त्यांना विवाहामुळे गमावले होते, तेथेच त्या विनावेतन काम करण्यास परत गेल्या. १९१६ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना दार उघडले आणि त्याच वर्षी त्या सभासद झाल्या. पहिल्या नकारापासून चोवीस वर्षे लोटली होती. १९२८ मध्ये वॉल्टर वारले. १५ सप्टेंबर १९४७ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी ॲनीबाईंनी लंडन येथे देह ठेवला. चंद्रावरील एका विवराला या दांपत्याचे नाव आहे, आणि ग्रिनिच येथे २०१८ साली बसविलेल्या नव्या दुर्बिणीस ॲनीबाईंचे नाव देण्यात आले.

भगिनींनो, हे चरित्र वाचून कोणाला वाटेल की आपल्याला याचे काय? तळणी, जळगाव आणि धुळे ही तिन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहेत. म्हणजे तळणीच्या माळावरचे आकाश तेच आपल्या गच्चीवरचे. आज घरोघरी कॅमेरे आले आहेत, आणि कित्येकींची मुले-नातवंडे दुर्बीण मागतात. त्या वेळी ॲनीबाईंचा हिशेब आठवावा. मोठी नळी घेण्याची घाई करू नये. हातचा साधा कॅमेरा आणि रुंद तोंडाचे, आखूड नाभीचे भिंग यांवर आरंभ करावा. घडवंची भक्कम असावी, कारण वाऱ्याने हललेले चित्र कशानेही सुधारत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे स्थिर कॅमेऱ्यात पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे दहा सेकंदांच्या पुढे गेले की ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून अशी दहा-दहा सेकंदांची पुष्कळ चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करावीत. पुढे पैसा साठला तर दुर्बिणीच्या आधी आकाशाबरोबर फिरणारी बैठक घ्यावी. तिचा अक्ष ध्रुवाकडे, म्हणजे आपल्याकडे क्षितिजापासून २१ अंश वर रोखावा लागतो.

शहराच्या दिव्यांपासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावी, पावसाळा सरल्यावर अमावास्येच्या आसपास गेले तर देवयानीतील दीर्घिका, कृत्तिका आणि मृगातील तेजोमेघ अशा साध्या साधनांनीही पकडता येतात. थंडीत कॅमेऱ्याच्या आतील उष्णतेचा गोंधळही कमी असतो. एक मात्र कधी विसरू नये. योग्य गाळणीवाचून दुर्बीण किंवा कॅमेरा सूर्याकडे रोखू नये, आणि मुलांनाही रोखू देऊ नये. त्यात डोळे जातात. खग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकलेला असतो तेवढीच वेळ याला अपवाद.

ॲनीबाईंना पदवी मिळाली नाही, नोकरी टिकली नाही, मोठी दुर्बीणही कधी त्यांच्या मालकीची झाली नाही. जे हाती होते त्याची मर्यादा आणि त्याचे सामर्थ्य दोन्ही ओळखून त्यांनी काम केले. घरसंसार सांभाळून काही करू पाहणाऱ्या आपल्या मंडळातील प्रत्येकीला यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. पुढच्या वेळी नागपूरच्या गाडीतून जाताना धामणगाव सुटले की खिडकीशी बसावे, आणि तळणीचा माळ दिसला की त्यांची आठवण करावी.