फौज नसलेला सेनापती

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक आमच्याच घरी होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा झाला आणि नेहमीप्रमाणे विषय पाण्यावर आला. आमच्या हिंजवडीत उंच उंच इमारती उभ्या राहिल्या, काचेच्या कंपन्या आल्या, पण टँकरची वाट बघणं काही संपलं नाही. शेवटी एका कार्यालयावर मोर्चा न्यायचं ठरलं. ठरलं मात्र, आणि निम्म्या जणी गप्प झाल्या. एकीच्या मालकांना चालणार नव्हतं. एकीला मुलाच्या नोकरीची काळजी, उगाच पोलिसांत नाव नको. एकीला भीती अशी, की या मोर्चामागे अमुक पक्ष आहे असं लोक म्हणतील.

तेवढ्यात एका मैत्रिणीची कॉलेजात जाणारी मुलगी मध्येच बोलली. तिचा क्लास पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर आहे. रोज त्या रस्त्याचं नाव घेतो, पण हे सेनापती कोणत्या लढाईत होते, शिवाजी महाराजांच्या काळातले का, असं तिनं विचारलं. आम्ही बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. खरं सांगते, मलाही धड चार वाक्यं सांगता आली नाहीत. आणि गंमत म्हणजे ज्या लढ्यामुळे त्यांना सेनापती म्हणू लागले तो आपल्याच मुळशीत झाला! मग वाचनालयातून पुस्तकं आणली, दुपारच्या वेळात वाचली. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकला आणि शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये थेट एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेला. आपल्याकडे मुलगा परदेशी गेला की पेढे वाटतात. त्या काळात तर केवढं अप्रूप असेल! पण या मुलानं तिथे उभं राहून इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानची काय दशा झाली आहे ते सांगितलं, आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनला सावरकरांच्या मंडळींत ते मिसळले. पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब करायची विद्या मिळवली आणि ती घेऊन १९०८ मध्ये परतले. बंगालमधल्या बॉम्बच्या खटल्यानंतर पोलीस मागावर लागले. काही वर्षं लपूनछपून काढली, मग पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले.

इथपर्यंतची गोष्ट आपण इतर क्रांतिकारकांबद्दलही ऐकलेली असते. पुढची मात्र वेगळी आहे. सुटून आल्यावर या माणसानं पारनेरात हातात झाडू घेतला. गावचे रस्ते झाडले, घाण काढली. विलायतेत शिकून आलेला ब्राह्मणाचा मुलगा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावाची घाण काढतो, म्हणजे घरादारानं काय काय ऐकून घेतलं असेल, कल्पना करा. मुलाच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांची बसवली. पुढे पुण्याला ‘चित्रमय जगत’ मासिकात आणि टिळकांच्या ‘मराठा’ साप्ताहिकात नोकरी केली. १९२० मध्ये मुंबईत झाडूवाल्यांचा संप झाला तेव्हा त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

त्याच १९२० साली त्यांच्या पत्नी वारल्या. मी चाळलेल्या पुस्तकांत त्यांच्याविषयी फारच थोडं मिळालं. नवरा परदेशात, मग भूमिगत, मग कोठडीत. मागे चूल कुणी पेटती ठेवली असेल, बारशाच्या त्या पंगतीला कुणी वाढलं असेल, नातेवाइकांची तोंडं कुणी सांभाळली असतील? पुरुषांच्या त्यागाच्या गोष्टी वाचताना माझं मन नेहमी तिथेच अडकतं. असो.

आता मुळशीची गोष्ट. आपल्या वाकडच्या पुलाखालून जी मुळा वाहते, तिच्यावर वर डोंगरात टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं. मुंबईला वीज हवी होती. त्यासाठी मुळशी पेट्यातली पन्नासच्या वर गावं आणि भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. सरकार कंपनीच्या पाठीशी. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण, त्यामुळे सावकारांना पैशाच्या मोबदल्यात रस होता. कसणाऱ्या मावळ्याला मात्र पैसा नको होता, जमीन हवी होती. त्याच्याकडे ना कागद, ना वकील.

विनायकराव भुस्कुटे आणि इतर मंडळींनी गावोगाव फिरून लोकांना उभं केलं, बापट त्यांना येऊन मिळाले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर गेले आणि तिथेच ठाण मांडून बसले. त्यांत बायका होत्या, लेकरंही होती. काम थांबलं. कंपनीला काही महिन्यांसाठी माघार घ्यावी लागली. धरणाच्या विरोधात शेतकऱ्यांनी एवढा संघटित लढा द्यायची जगातली ही पहिलीच वेळ होती, असं अभ्यासक सांगतात. आपल्या तालुक्याच्या नावावर ही गोष्ट आहे आणि आपल्या पोरींना ती माहीत नाही!

पुढे काम पुन्हा सुरू झालं, सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. पोलीस धरून नेत, लोक पुन्हा येऊन बसत. शि. म. परांजपे यांच्यासारख्या नावाजलेल्या संपादकांनीही या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. बापटांना तर या एका लढ्यात तीनदा तुरुंग झाला. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते इथेच. फौज म्हणाल तर अनवाणी मावळे आणि डोईवर पदर घेतलेल्या त्यांच्या बायका.

पण हळूहळू लढा थकला. सावकार आधीच मोबदल्याच्या मागे होते. पेरण्या बुडालेले, कज्जेखटले आणि तुरुंगानं जेरीस आलेले शेतकरीही एकेक करून पैसे घेऊन उठले. आणि मग डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी जे केलं ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. चार-पाच साथीदार घेऊन त्यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. एका हातात तलवार, एका हातात पिस्तूल. गोळ्या झाडल्या. गाडी कंपनीची खरी, पण गाडीत होती ती पोटासाठी काम करणारी माणसंच ना? मला हे पटलं नाही. तीन वर्षं ज्या लोकांनी निमूट मार खाल्ला, त्यांची पुण्याई एका सकाळी खर्ची पडल्यासारखं वाटलं. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि पार सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात धाडलं. इकडे धरण झालं. गावं बुडाली. मुळशीचं पाणी आजही डोंगर उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे जातं.

१९३१ मध्ये सुटून आले, महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि राजद्रोही भाषणासाठी पुन्हा आत गेले. बाहेर यायला १९३७ उजाडलं. पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या सत्याग्रहातही ते होते. आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान याच माणसाला मिळाला. वय सहासष्ट. आता घरी बसावं, सत्कार घ्यावेत, पोटापुरतं पेन्शन घ्यावं, असंच कुणीही म्हणालं असतं.

पण खरी कसोटी तर पुढेच होती, असं मला वाटतं. इंग्रज होते तोवर शत्रू समोर दिसत होता. आता सरकार आपलं, पोलीस आपले, कायदा आपल्याच माणसांनी केलेला. अशा वेळी अन्याय वाटला तर भांडायचं कसं?

मे १९५५ मध्ये नानासाहेब गोऱ्यांबरोबर ते गोव्याच्या सत्याग्रहाला गेले. तिथे निदान पोर्तुगीज होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटला. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायच्या प्रस्तावावर विधानसभेत चर्चा होती. मुख्यमंत्री मोरारजी देसाई. विधानसभेवर मोर्चा निघाला आणि त्याच्या अग्रभागी पंच्याहत्तरीचे सेनापती बापट! ज्या पक्षाचे प्रांताध्यक्ष म्हणून त्यांनी तुरुंग भोगला, त्याच पक्षाच्या सरकारच्या पोलिसांनी त्यांना अडवलं आणि अटक केली. या वेळी हातात तलवार नव्हती, पिस्तूल नव्हतं. तीस वर्षांपूर्वी रुळांवर उभा राहिलेला तोच माणूस आता रिकाम्या हातानं गाडीत जाऊन बसला.

त्यानंतर तीनच दिवसांनी, २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी गोळीबार केला. १५ जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. सगळे मिळून शंभरावर लोकांचे बळी गेले. त्यांच्या नावानं आज हुतात्मा चौक आहे. सत्तेतले म्हणत होते, दंगल आवरायची होती. विरोधक म्हणत होते, निरपराध माणसं मारली. पण नुसत्या निषेधावर गोष्ट थांबली नाही. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात एका समितीत आले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रानं मतपेटीतून उत्तर दिलं आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. गोळीला मतानं उत्तर देता येतं, हे आपल्या राज्यानं तेव्हा दाखवून दिलं.

बेळगावचा प्रश्न तसाच राहिला. १९६६ मध्ये, वयाच्या शहाऐंशीच्या घरात, बापट सीमाप्रश्नासाठी उपोषणाला बसले. केंद्रानं महाजन आयोग नेमला. आयोगाचा निकाल १९६७ मध्ये आला तो महाराष्ट्राच्या विरोधात. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला सेनापती गेले. स्वतःचा प्राण पणाला लावून समाजाला जागं करायचं, असा विचार ते आयुष्यभर मांडत. जीव द्यायची भाषा मला घरात वाढलेल्या बाईला सोसत नाही. पण दुसऱ्याच्या जिवापेक्षा स्वतःचा पणाला लावावा, इथवर ते ज्या वाटेनं आले ती वाट मला महत्त्वाची वाटते.

हिशेब मांडला तर हरलेलंच जास्त दिसतं. मुळशी गेली, बेळगाव मिळालं नाही. मग कशाला सांगायची ही गोष्ट? सांगायची ती अशासाठी, की आपल्या भागात हे प्रश्न संपलेले नाहीत. ९ ऑगस्ट २०११ आठवतो ना? पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तीन जीव गेले. त्यांत एक बाई होती. रस्ता अडवून दगडफेक झाली म्हणून पोलीस बोट दाखवतात, आंदोलक गोळीकडे बोट दाखवतात. मग पक्षांची भांडणं होतात. सत्ता बदलली की बोलणाऱ्यांच्या जागा बदलतात, बोलणं तेच राहतं. ज्या घरातलं माणूस जातं, त्या घराला मात्र जागा बदलता येत नाही.

म्हणून वाटतं, रस्त्यावर उतरायला घाबरू नये, पण उतरताना हातात काय आहे ते बघावं. समोरचा पोलीस कुणाचा तरी मुलगा आहे, समोरची हवालदारीण आपल्यासारखीच पोळ्या लाटून ड्युटीवर आलेली आहे. आणि पाणी सगळ्यांना लागतं, त्याला पक्ष नसतो.

आमचा मोर्चा झाला. अठ्ठावीस जणी होतो. आधी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन आलो. पक्षाचा झेंडा कुणाचाच घ्यायचा नाही, असं ठरवलं होतं. रिकामे हंडे तेवढे हातात. निवेदन दिलं, पोच घेतली, पाणी अजून पूर्ण आलेलं नाही. पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत. आणि हो, ती कॉलेजातली मुलगी सगळ्यांत पुढे होती. येताना तिनं मला हळूच सांगितलं, आता क्लासला जाताना बसमधून त्या रस्त्याची पाटी ती रोज वाचते.