सूरश्री केसरबाई केरकर : सुरांना प्रतिष्ठा मिळवून देणारी गायिका

फोंडा तालुक्यातील केरी या गावी १३ जुलै १८९२ रोजी केसरबाई केरकर यांचा जन्म कलावंत समाजात झाला. देवळांच्या उत्सवांत गायनसेवा करणाऱ्या या समाजातील स्त्रियांनी गोव्याचे संगीत पिढ्यानुपिढ्या जपले. देवापुढे त्यांचे गाणे हवे असे. समाजात मात्र त्यांना मानाचे स्थान नसे.

बालपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे केसरबाईंना काही महिने तालीम मिळाली. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे आणि पुढे मुंबईत बर्कतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन लाभले. तरीही शिक्षणात सलगता नव्हती. १९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व त्यांना मिळाले, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. इतरांनी नावलौकिक उपभोगावा अशा वयात त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत हे गुरुशिष्याचे नाते टिकले.

भरदार, मोकळा आकार, दीर्घ दमसास आणि लयीत गुंफलेली अखंड आलापी यांनी त्यांची गायकी घडली. अनवट रागांची अवघड वाट त्यांनी लोकप्रियतेसाठी सोपी केली नाही. मैफलीत त्या श्रोत्यांकडूनही एकाग्रतेची अपेक्षा करीत. त्यांचा हा करारीपणा अनेकांना अहंकार वाटला. परंतु ज्या समाजात गाणाऱ्या स्त्रीकडे करमणुकीचे साधन म्हणून पाहिले जाई, तेथे कलेचा आब राखणे म्हणजे स्वतःचे माणूसपण राखणेच होते. सौंदर्य आदराने ग्रहण करण्याची सवय समाजाला लागते, ती अशाच कलावंतांमुळे.

१९४८ मध्ये कोलकात्यात त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी मिळाली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. उतारवयात त्यांनी धोंडूताई कुलकर्णी यांना विद्या दिली.

१९७७ मध्ये अंतराळात झेपावलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत केसरबाईंची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरे यान निघाल्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, त्यांचे निधन झाले. केरीतील ज्या मुलीला जन्मामुळे पायरी दाखवली गेली, तिचाच स्वर साऱ्या मानवजातीचा प्रतिनिधी ठरला. आज गोव्यात कला अकादमीचा संगीत समारोह त्यांच्याच नावाने भरतो.